बुडकुली मणी परत आणून देते

पुणे,
२८ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. अक्कास,
रुचिकाचा साष्टांग नमस्कार.

ह्या पत्राच्या मागोमाग एक पार्सल येईल. त्यात फराळ शोधू नकोस. यंदा फराळ तूच मला पाठवायचा, कारण डॉक्टरीणबाईंनी मला पलंगाला बांधून टाकलंय. सातवा लागला की नाही! जिना चढायचा नाही, वाकायचं नाही आणि एसटीचं तर नावसुद्धा काढायचं नाही. म्हणजे दिवाळीला माहेर नाही आणि तुमच्याबरोबर कपिलधारची यात्राही नाही. आमचे हे तिकडे जपानात कंपनीच्या कॉम्प्युटरांना दोन हजार साल सोसेल की नाही ते बघतायत आणि मी इकडे छताकडे बघतेय.

पार्सलमध्ये शिवूसाठी खेळ आहे. ह्यांनी उन्हाळ्यात तिकडून आणला होता. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी डबी, हिरवट काच, चार बटणं, पेन्सिल सेलवर चालतो. त्यात एक पोर रानोमाळ भटकतं आणि चित्रविचित्र प्राणी गोळा करतं. कोणी आगीतला, कोणी दगडातला, कोणी पाण्यातला. अक्षरं सगळी जपानी, तेव्हा प्राण्यांची बारशी मीच केली आहेत. हसू नकोस, पण डोहाळे लागल्यापासून मी तो खेळ पुरता खेळून संपवलाय. आता त्याचा दुसरा भाग निघालाय म्हणे, तो मागवणार आहे.

सगळ्यात गोड आहे ती बुडकुली. ती पाण्यात राहते. लहानशा गाडग्यासारखं गोल पोट, डोक्यावर कोथिंबिरीचा तुरा, नाकातून सारखा एक बुडबुडा. चालायला लागली की डुलते आणि घाबरली की डोळे झाकून पाण्यात बसते. शिवूला म्हणावं, आधी बुडकुली शोध, बाकीचे प्राणी सवडीने.

दाजींना नमस्कार. शिवूला पापा.

तुझी,
रुचिका


पाली,
१२ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. रुचिकास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद दिलाय तो पोटातल्या बाळाला. तुला खरं तर दोन धपाटे घालायला हवेत. काय पाठवून दिलंस बाई हे! शिवू त्या डबड्यातून मान वर काढत नाही. दुकानातले पेन्सिल सेल कमी होतायत, आणि ह्यांना वाटतं उंदीर नेतात.

ह्यांनी दंडक घालून दिलाय. आधी आंघोळ, मग लिंगपूजा, मग न्याहारी, मग शाळा, आणि त्यातून वेळ उरला तर खेळ. पूजा चुकवायची तिची बिशाद नाही. तुला ह्यांचं माहीतच आहे. गळ्यातल्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतल्याशिवाय ह्या माणसाने जन्मात पाण्याचा घोट घेतला नाही. मागे तापाने फणफणले होते, तरी भिंतीला टेकून पूजा केली आणि मगच गोळी गिळली. शिवूही तशीच तयार होतेय. नऊ वर्षांची पोर, पण कपाळावर भस्म असं ओढते की मठातले अय्या दुकानात आले की कौतुक करतात, आणि ह्यांची छाती फुगते.

बुडकुली मलाही दाखवली. खोटं कशाला बोलू, गोडच आहे. पण नाव तेवढं दुसरं ठेवायचं होतंस. धरणाच्या काठाला राहणाऱ्याने पाण्याची थट्टा करू नये असं मला वाटतं. बाकी सगळे प्राणी शिवूने धरले, एवढी एकच हाताला लागत नाही. “आई, ती धबधब्याखाली दिसतीय आन् जवळ गेलं की बुडी मारतीय,” म्हणून रडकुंडीला येते. ती कशी धरायची तेवढं कळव, नाहीतर घरात शांतता नाही. फोन करू नकोस. एसटीडीच्या बूथवर विठ्ठलराव कान टवकारून बसलेला असतो, आपलं बोलणं संपायच्या आत अर्ध्या पालीला कळतं.

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला जातोय. तुझ्यासाठी नारळ फोडते. डॉक्टरीणबाईंचं ऐक.

तुझी,
अक्का


पुणे,
१७ नोव्हेंबर १९९९

ती. सौ. अक्कास सा. नमस्कार.

चकल्या मिळाल्या, संपल्याही. हा खालचा मजकूर शिवूला वाचू दे, तू तिकडे स्वयंपाकाचं बघ.

शिवूबाई, नीट ऐका. बुडकुली फार भित्री असते. तिला जाळं टाकून, मारून, पळवून धरता येत नाही. तुझ्या त्या खेळातल्या पोराच्या गळ्यात एक गोल मणी आहे बघ. तोच त्याचा जिवाभावाचा. तो गळ्यातून काढायचा आणि धबधब्याखालच्या डोहात टाकून द्यायचा. मग अजिबात हलायचं नाही. बटणाला बोट लावायचं नाही. मणी गेला म्हणून घाबरायचं नाही. बुडकुली बघत असते, हा आपल्यावर भरवसा ठेवतो का ते. पुष्कळ वेळाने ती तोच मणी तोंडात धरून वर येते, तुझ्या हातात देते आणि मग जन्मभर तुझीच होते. मी पहिल्या वेळी घाई केली आणि मणीही गेला, बुडकुलीही गेली. तू करू नकोस.

झालं, अक्का. यात्रेला जपून जा, पोरीचा हात सोडू नकोस.

रुचिका


पाली,
२८ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. रुचिकास आशीर्वाद.

यात्रा झाली, पण मन ठिकाणावर नाही. तुला लिहावं की नाही असा विचार चार दिवस केला. तुझ्या अशा अवस्थेत नको ते कानावर घालू नये. पण मग सांगू कुणाला?

कपिलधारला दर्शन झालं. हे अय्यांशी बोलत उभे होते. मी तुझा नारळ फोडून वळते तर शिवू शेजारी नाही. शोधली तेव्हा धबधब्याच्या कुंडाच्या काठावर उभी. ओठ घट्ट मिटलेले, डोळे पाण्यावर. हाक मारली तर ओ नाही. मागून माणसं लोटत होती, पाय घसरला असता म्हणून मी दंड धरून तिला मागे ओढली, तर अशी किंचाळली की लोक वळून बघायला लागले. “आई, हलवू नको ना! मी हलले की ती येत न्हाई!”

कोण येत नाही, विचारलं तर बोलेना. गाडीत बसायला तयार होईना. ह्यांनी उचलून बसवली.

त्या दिवसापासून ही आपली शिवू नाही, रुचिका. तुझा खेळ कोनाड्यात पडलाय, हात लावत नाही. जेवायला बसते आणि ताटाकडे बघत राहते. मी डोळे वटारले तर दोन घास गिळते आणि मागच्या दाराला जाऊन ओकते. ताप नाही, खोकला नाही. आंघोळीला मला जवळ येऊ देत नाही. सकाळी पूजेला बसते ती आमच्याकडे पाठ करून बसते. हे म्हणतात, पोरीचं ध्यान वाढलंय. मला ते ध्यान दिसत नाही. मला तिचे खांदे दिसतात, ते हलत असतात.

काल विचारत होती, “आई, कपिलधारचं पाणी कुठं जातंय?” मी म्हटलं, जातं खाली. तर म्हणाली, “आपल्या धरणात येतंय का?” पोर पाण्याचंच का बोलतेय?

अक्का


पुणे,
३ डिसेंबर १९९९

ती. सौ. अक्कास सा. नमस्कार.

किती घाबरतेस! तुझं पत्र वाचून मला हसूच आलं. अगं, ही खेळाची झिंग आहे. मी नव्हते का महिनाभर स्वप्नात बटणं दाबत? तिची बुडकुली हातची गेली असणार, म्हणून फुगून बसलीय. शिवाय नऊ-दहा वर्षांच्या पोरी लाजायला लागतातच. आंघोळीला जवळ येऊ देत नाही ह्यात काय नवल? आपण दोघी एका न्हाणीत आंघोळीला जायचं कधी बंद केलं ते आठव.

ओकते म्हणतेस, तर बीडला नेऊन डॉक्टरला दाखव. जंताचं औषध देतील. आणि डोळे वटारू नकोस, तुझे डोळे बघून मलाही घास जात नसे.

शिवूला माझा निरोप वाचून दाखव. म्हणावं, बुडकुली कधी कधी फार उशिरा येते, पण येते. मणी परत आणून देतेच. मावशीचा शब्द.

रुचिका


पाली,
१३ डिसेंबर १९९९

चि. सौ. रुचिकास आशीर्वाद.

तुझा निरोप वाचून दाखवला आणि पोर अशी उजळली की मला वाटलं तुझ्या पायावर डोकं ठेवावं. “मावशी खरंच म्हनली? देतीच म्हनली?” असं तीनतीनदा विचारलं. त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, दूध प्याली. रोज शाळेतून आली की एकच लकडा, “आई, कपिलधारला चल.” आता यात्रा संपल्यावर दुकान सोडून कुठे नेऊ? आणि तिला पुन्हा त्या पाण्यापाशी न्यायची माझी छाती नव्हती.

बीडच्या डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही नाही म्हणाले, टॉनिकची बाटली दिली.

मग मी एक केलं. हे तू ह्यांच्यासमोर कधी काढू नकोस. आमच्या मागे धनगराची भामाबाई राहते, तिने शिवूला बघितलं आणि म्हणाली, “वैनी, ह्ये आसरांचं काम हाय. कपिलधारच्या पान्यात तिची सावली पडली आन् साती जनींनी पोर बघितली. वटी भरा, न्हाईतर त्या नेत्यात.” पाण्यातल्या सात आसरांना सगळं गाव मानतं. मी ह्यांच्याजवळ नुसता विषय काढला तर ताडकन म्हणाले, “आपून लिंगायत. गळ्यात देव असताना पाण्यातल्या बायांना कावून भ्यायचं?”

पण आईचं मन त्यांना कुठून कळणार? हे बीडच्या बाजाराला गेल्यावर शिवूला आणि भामाबाईला घेऊन मी धरणावर गेले. हिरवा खण, बांगड्या, नारळ, गूळखोबरं. भामाबाईने सांगितलं तशी सात दगडांची पूजा केली आणि ओटी पाण्यात सोडली. खण फुगून थोडा वेळ तरंगला आणि गेला. शिवू बघत होती. मला विचारलं, “आता हे परत येनार?” मी तिला जवळ घेऊन चांगलं समजावून सांगितलं. बाळा, पाण्याला दिलेलं पाणी ठेवून घेतं. ते परत येत नसतं आणि मागायचंही नसतं.

मला वाटलं, ओटी पोचली, आता उतार पडेल. तर तेव्हापासून पोरीने जेवणच टाकलं. पाणी तेवढं पिते. मी भरवलेला घास गालात धरते आणि बाहेर जाऊन टाकते. काल तुरीच्या पोत्यामागे भाकरीचे वाळलेले तुकडे सापडले. ह्यांनीही बघितले. ह्यांना राग येण्याऐवजी काळजीच वाटली, हे मला जास्त भयंकर वाटलं. तो तुझा खेळ उचलून त्यांनी गल्ल्याच्या खालच्या खणात बंद केला. शिवूने तो परत मागितलासुद्धा नाही.

एवढंच एक बरं झालं, संध्याकाळी आपणहून बापाजवळ जाऊन बसली. म्हणाली, “अप्पा, ती शरनाची गोष्ट सांगा. लिंग पुरात व्हाऊन गेलतं ते.” ह्यांना तेवढंच हवं. मांडी ठोकून सांगत बसले, अय्या कीर्तनात सांगतात तशीच. त्या शिवभक्ताचं लिंग पुरात गेलं, म्हणून त्याने अन्न शिवलं नाही, पाणी घेतलं नाही आणि शेवटी देह ठेवला. “आपल्यात लिंग गेलं म्हंजे जीव गेला, पोरी,” हे म्हणाले. शिवूने विचारलं, “किती दिस लागले त्याला?” आणि “दुखलं का?” हे मला म्हणतात, बघ, पोरीला धर्माची किती गोडी आहे.

रुचिका, तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतंय. ही पोर माझ्या हातातून चाललीय आणि मला कळत नाही, कुणाकडे. तू देवाला हात जोड.

अक्का


पुणे,
१६ डिसेंबर १९९९, संध्याकाळ

अक्का,

हे पत्र शेजारच्या मुलाच्या हाती अंबाजोगाई गाडीच्या कंडक्टरकडे पाठवतेय. सकाळी पालीच्या फाट्यावर तुमच्या दुकानाशी तुझ्याच हातात देईल. फोन उचलला होता, पण विठ्ठलरावाच्या बूथवर हे ओरडून सांगितलं असतं तर तुझ्याआधी दाजींना कळलं असतं.

शिवूच्या गळ्यातली डबी उघडून बघ. ती एकटी असताना बघ, दाजींसमोर नको.

तुझी तिन्ही पत्रं आज एकापुढे एक मांडून वाचली. तिला मीच लिहिलं होतं, गळ्यातला जिवाभावाचा मणी काढायचा आणि धबधब्याखालच्या डोहात टाकायचा. शिवूच्या गळ्यात मणी कुठला गं, अक्का? तिच्या गळ्यात लिंग आहे. ती कुंडापाशी हलत नव्हती ती वाट बघत होती. मी लिहिलं, परत येतंच, म्हणून ती जेवली. तू सांगितलंस, पाणी परत देत नाही. आणि दाजींनी सांगितलं, पुढे काय करायचं असतं.

तिला एक क्षण नजरेआड करू नकोस. काय झालं ते परतीच्या गाडीने कळव.

रुचिका


पाली,
१७ डिसेंबर १९९९, दुपार

चि. सौ. रुचिका,

शिवू जिवंत आहे. हे आधी वाच, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र कंडक्टरने हातात दिलं. दुकानासमोर उभ्या उभ्या वाचलं आणि शिवूला हाक मारली. शिवू घरात नव्हती. भामाबाईकडे कोकरू बघायला जाते म्हणून गेली होती, आणि पोर आपणहून बाहेर पडली म्हणून मला बरं वाटलं होतं. मी भामाबाईच्या दारात गेले. ती म्हणाली, “हिकडं कुठं आली वो?”

मग मी धरणाकडे पळत सुटले. चप्पल कुठे पडली माहीत नाही. भामाबाईचा नवरा हरिबा काठाला मेंढरं सोडून उभा होता. मला बघून त्याने तोंडावर बोट ठेवलं. “वैनी, वरडू नगा. म्या जवळ गेलो की ती फुडं सरकतीय. म्हनून म्या हितंच थांबलोय.”

शिवू छातीभर पाण्यात उभी होती. आमच्याकडे पाठ. जराही हलत नव्हती.

हाक मारायची माझी हिंमत झाली नाही. साडी खोचली आणि पाण्यात उतरले. पाणी इतकं गार होतं आणि खालचा गाळ पायाला धरत होता. एकेक पाऊल टाकताना वाटत होतं, आता ही पुढे सरकणार. जवळ पोचल्यावर मी हळूच म्हटलं, “शिवू, मी तुला हलवणार नाही. नुसती शेजारी उभी राहते.”

ती पुढे गेली नाही. मी शेजारी उभी राहिले. मग म्हटलं, “डबीत काय आहे ते मला ठाऊक आहे, बाळा.”

“सुपारी हाय,” ती म्हणाली. “दुकानातली. अप्पाला न इचारता घेतली.”

मला रडू आवरेना. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडेच बघत होती. मग म्हणाली, “लिंग गेलं म्हंजे मरावं लागतंय ना, आई? मी काल बी आलते. परवा बी आलते. पन पानी हितवर आलं की मला लई भ्या वाटतंय.”

रुचिका, मी तिला कधी उचलली आणि काठावर कशी आले ते मला आठवत नाही. हरिबाने घोंगडी दिली, त्यात गुंडाळून तिला आणली. वाटेत ती एकच सांगत होती, “अप्पाला सांगू नको.” आणि खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. ह्यांना काय सांगायचं? ज्या माणसाने लिंगाशिवाय पाणी घेतलं नाही, त्याला सांगायचं की पोरीने ते एका खेळातल्या जनावरासाठी पाण्यात टाकलं आणि इतके दिवस त्याच्यासमोर तळहातावर सुपारी घेऊन पूजा केली?

पण ओल्या साडीने दुकानात शिरले तेव्हा लपवायला काही उरलंच नव्हतं. सगळं सांगितलं. सांगताना माझे दात वाजत होते. थंडीने की ह्यांच्या धाकाने, देव जाणे. ह्यांनी तुझं पत्रही वाचलं. मग शिवूच्या गळ्यातली डबी उघडली. सुपारी तळहातावर घेऊन बघत राहिले. शिवू डोळे गच्च मिटून उभी होती, मार बसायची वाट बघत.

ह्यांनी गिऱ्हाइकाला हाताने जा म्हणून सांगितलं आणि दुकानाच्या फळ्या लावल्या. भर दिवसा फळ्या लावलेल्या मी लग्नानंतर कधी बघितल्या नाहीत. मी शिवूच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

“शांता, जेवाय वाढ,” हे म्हणाले.

मी भाकरी आणि पिठलं वाढलं. हे ताटावर बसले. मग उठले, स्वतःच्या गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि डबीसकट देवघराच्या खुंटीला अडकवला. आंघोळीतसुद्धा तो दोरा ह्यांच्या गळ्यातून निघत नाही, रुचिका. गळ्यावर त्याचा पांढरा वळ पडलाय, तो मी आज पहिल्यांदा बघितला. मोकळ्या गळ्याने पुन्हा ताटावर येऊन बसले आणि भाकरी मोडली.

शिवूला कळलं. मला कळायच्या आधी तिला कळलं. “अप्पा, खाऊ नका! मराल तुमी!” म्हणून ती त्यांच्या हाताला लोंबकळली.

“ती गोष्ट म्याच सांगितली न्हवं तुला?” हे म्हणाले. “मग खरी का खोटी ते म्याच बघतो.”

पहिल्या घासाचं पिठलं धोतरावरच सांडलं. घास तोंडात घातला आणि किती वेळ चावत राहिले. गिळवेना. डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटी पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला आणि लगेच दुसरा घेतला. शिवू त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती, घास खाली जाताना काय होतं ते.

“सोमवारी अय्यांकडं जाऊ,” हे म्हणाले. “हरवलं तर दुसरं देत्यात, पोरी. ते मला ठावं हुतं आन् म्या तुला सांगितलं न्हाई. तवर तू बी जेवायचं, म्या बी असाच जेवतो.”

त्यांनी तिच्यापुढे घास धरला. तिने तोंड फिरवलं. म्हणाली, “आदी बघू, तुमी ऱ्हाताय का.”

हे म्हणाले, बरं, बघ. हात धुतले आणि दुकानातल्या सतरंजीवर आडवे झाले. शिवू ताट ओढून घेऊन त्यांच्या उशाशी बसली. मी शेजारी बसून हे पत्र लिहितेय. कंडक्टर परतीच्या गाडीने नेईल.

खोटं नाही सांगत, मलाही भीती वाटतेय. खुंटीकडे बघवत नाही. शहाणपणाने कळतं की काही होत नसतं, पण दर दोन ओळींनी मी ह्यांच्या छातीकडे बघतेय, हलते का ते. शिवूही तेच करतेय. मघाशी तिने त्यांच्या नाकाशी बोट धरून बघितलं आणि हात झटकन मागे घेतला.

त्यानंतर हे घोरायला लागले. चांगले मोठ्याने, फळ्यांबाहेर ऐकू जाईल इतके. शिवूने थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. आता ती एक घास खाते, थांबते, घोरणं ऐकते आणि मग दुसरा घास घेते. अर्धी भाकरी होत आली. ह्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानात चाललंय, पण घोरणं थांबवत नाहीत.

ह्यांना घोरायची सवय नाही, रुचिका.

तुझी,
अक्का